खेळाडू ते प्रशिक्षक

प्रस्तावना

फुटबॉलचा सामना पाहताना प्रेक्षकांचे लक्ष चेंडूमागे धावणाऱ्या बावीस खेळाडूंवर खिळलेले असते. मैदानाच्या कडेला, आखून दिलेल्या लहानशा चौकटीत येरझाऱ्या घालणाऱ्या प्रशिक्षकाकडे फारसे कोणी पाहत नाही. तो चेंडूला स्पर्श करीत नाही. परंतु कोणी कोठे उभे राहायचे, चेंडू हातचा गेल्यास कोणी मागे धावायचे आणि दमलेल्या खेळाडूच्या जागी कोणाला उतरवायचे, हे त्यानेच ठरवलेले असते. असे बहुतेक प्रशिक्षक एके काळी स्वतः खेळाडू होते.

खेळाडूची कारकीर्द साधारणपणे पस्तिशीच्या आगेमागे संपते. इतर व्यवसायांत ज्या वयात माणसाचा जम बसू लागतो, त्या वयात खेळाडूला पुढे काय करायचे याचा विचार करावा लागतो. प्रस्तुत पाठात मुंबईचे फुटबॉलपटू खालिद जमील यांनी या प्रश्नाचे उत्तर कसे शोधले, याची माहिती दिली आहे. मात्र त्यासाठी आधी बेंगळुरूच्या एका उपनगरातील कारखान्याकडे वळावे लागेल. कारण भारतातील कित्येक फुटबॉलपटूंची उपजीविका दीर्घकाळ अशा कारखान्यांवर आणि कचेऱ्यांवरच अवलंबून होती.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• कारखाने व कचेऱ्या यांच्या फुटबॉल संघांची माहिती सांगता येईल;
• खेळाडू आणि प्रशिक्षक यांच्या कामांतील फरक स्पष्ट करता येईल;
• खालिद जमील यांच्या वाटचालीतील प्रमुख टप्पे क्रमाने मांडता येतील;
• मर्यादित साधनांच्या आधारे केलेल्या कामाचे मोल जाणता येईल.

१. कारखान्याचा संघ

बेंगळुरू शहराच्या पूर्व भागात, जुन्या मद्रास रस्त्यावर कृष्णराजपुरम हे उपनगर आहे. लोक त्याला के. आर. पुरम या नावाने ओळखतात. त्याला लागूनच दूरवाणीनगर ही वसाहत आहे. कानडी भाषेत दूरवाणी म्हणजे दूरध्वनी. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज म्हणजेच आयटीआय हा सरकारी उद्योग सुरू झाला. त्याच्या येथील कारखान्यात दूरध्वनीची यंत्रे तयार होऊ लागली आणि कारखान्याभोवती कामगारांची वसाहत उभी राहिली.

बेंगळुरूत फुटबॉलची परंपरा जुनी होती. १९४८ च्याच लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध भारताचा एकमेव गोल करणारे सारंगपाणी रामन हे याच शहराचे. अशा शहरात कारखान्याचा फुटबॉल संघ असावा, हे स्वाभाविकच होते. १९७७ मध्ये देशातील निवडक संघांसाठी फेडरेशन करंडक ही नवी स्पर्धा सुरू झाली. पहिल्याच वर्षी अंतिम सामन्यात कोलकात्याच्या बलाढ्य मोहन बागान संघाला हरवून आयटीआयने तो करंडक जिंकला. दूरध्वनी जोडणाऱ्या कारखान्याच्या कामगारांनी देशातील नामांकित क्लबवर मात केली होती.

अशा संघांना कार्यालयीन संघ म्हणत. मुंबईत महिंद्र, एअर इंडिया, मफतलाल, ऑर्के मिल्स, रेल्वे आणि बँका यांचे संघ होते. या व्यवस्थेचे सूत्र सोपे होते. खेळाडूला त्या संस्थेत नोकरी मिळे. कामाच्या वेळेत सवलत घेऊन तो सराव करी आणि संस्थेच्या नावाने स्पर्धा खेळे. खेळातून मिळणारा पैसा थोडा असला, तरी महिन्याचा पगार ठरलेला असे. पाय थकले की खेळाडू मैदान सोडून कायमचा मेजापाशी बसे आणि निवृत्तिवेतन घेऊनच घरी जाई. निवृत्तीनंतरच्या आयुष्याचे उत्तर नोकरीतच दडलेले होते.

पुढे ही व्यवस्था ढासळू लागली. १९९६ मध्ये राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली आणि व्यावसायिक क्लबांचे महत्त्व वाढले. २००७ मध्ये तिची जागा आय-लीग या स्पर्धेने घेतली. दुसरीकडे उद्योगांची गणिते बदलली. खेळाडूंना नोकरी देऊन संघ चालवणे अनेक संस्थांना परवडेनासे झाले. पंजाबमधील जेसीटी, मुंबईतील महिंद्र युनायटेड असे नावाजलेले संघ २०१० च्या सुमारास बंद पडले. कार्यालयीन संघांच्या या उतरत्या काळात खेळलेल्या पिढीला मैदानाबाहेर पडल्यावर मेजाचा आधार उरला नाही. खालिद जमील हे त्याच पिढीचे खेळाडू होत.

पाठगत प्रश्न १
(अ) कार्यालयीन संघातील खेळाडूला निवृत्तीनंतर कोणता आधार असे?
(आ) आयटीआयच्या १९७७ मधील विजयाचे महत्त्व कशात आहे?

२. खेळाडूची घडण

खालिद जमील यांचा जन्म २१ एप्रिल १९७७ रोजी कुवेतमध्ये एका भारतीय कुटुंबात झाला. १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले. त्या युद्धामुळे लक्षावधी भारतीयांना आखाती प्रदेश सोडावा लागला. जमील कुटुंबही भारतात आले आणि ऐन किशोरवयात खालिद मुंबईच्या मैदानांवर खेळू लागले.

मुंबई क्रिकेटची नगरी म्हणून प्रसिद्ध असली, तरी तिचा फुटबॉलशी संबंध फार जुना आहे. रोव्हर्स करंडक ही देशातील अत्यंत जुनी स्पर्धा १८९१ मध्ये मुंबईतच सुरू झाली. पुढे कुपरेज मैदान हे शहरातील फुटबॉलचे मुख्य केंद्र बनले. अशा वातावरणात खालिद यांची गुणवत्ता लवकरच नजरेत भरली. १९९७ मध्ये ते महिंद्रच्या संघात दाखल झाले. त्यानंतर काही वर्षे ते एअर इंडियाकडून खेळले आणि पुन्हा महिंद्रकडे परतले. ते मधल्या फळीत खेळत. बचावफळी आणि आघाडीची फळी यांना जोडणारा हा दुवा असतो. दोन्ही दिशांना सर्वाधिक धावपळ त्यालाच करावी लागते. १९९८ पासून त्यांना भारतीय संघातूनही खेळण्याची संधी मिळाली.

परंतु दुखापतींनी त्यांची पाठ सोडली नाही. दुखापत ही खेळाडूच्या आयुष्यातील क्रूर गोष्ट असते. मन तयार असते, वय हाताशी असते. पण शरीर साथ देत नाही. २००७ मध्ये ते नव्याने स्थापन झालेल्या मुंबई एफसी या क्लबमध्ये गेले. तेथेही खेळण्यापेक्षा बाहेर बसण्याची वेळ त्यांच्यावर अधिक आली. अखेरीस २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी खेळाडू म्हणून मैदानाचा निरोप घेतला. ज्या वयात त्यांचे अनेक समवयस्क अजून खेळत होते, त्या वयात त्यांना नव्याने सुरुवात करायची होती. त्याच वर्षी मुंबई एफसीने संघाच्या प्रशिक्षकपदाची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली.

३. दुसऱ्यांदा विद्यार्थी

चांगला खेळाडू आपोआप चांगला प्रशिक्षक होतो, असा एक समज आहे. तो खरा नाही. खेळाडू मैदानाकडे एका जागेवरून पाहतो. आपली जागा, आपल्या समोरचा प्रतिस्पर्धी, आपल्याकडे येणारा चेंडू एवढे त्याचे जग असते. प्रशिक्षकाला अकरा जागांवरून पाहावे लागते. शिवाय खेळाडूचे कौशल्य त्याच्या शरीरात मुरलेले असते. चेंडू छातीवर कसा झेलला, हे त्याला सांगता येईलच असे नाही. प्रशिक्षकाला मात्र तेच शब्दांत मांडावे लागते आणि ज्याला ते जमत नाही त्याला संयमाने शिकवावे लागते.

यासाठी प्रशिक्षणाचेही शिक्षण घ्यावे लागते. पतियाळा येथे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षक घडवण्याचे काम अनेक वर्षे चालत आले आहे. फुटबॉलमध्ये आता आशियाई फुटबॉल महासंघाची परवाना पद्धत रूढ झाली आहे. ‘डी’पासून सुरुवात करून ‘सी’, ‘बी’, ‘ए’ आणि शेवटी ‘प्रो’ अशा पायऱ्या चढाव्या लागतात. प्रत्येक पायरीवर वर्गातील अभ्यास असतो, मैदानावरील प्रात्यक्षिक असते आणि परीक्षा असते. लहान मुलांना चेंडूची ओळख करून देण्यापासून व्यावसायिक संघाचे वर्षभराचे नियोजन करण्यापर्यंतचे विषय त्यांत येतात. देशासाठी खेळलेल्या माणसालाही वही-पेन घेऊन पुन्हा बाकावर बसावे लागते. खालिद जमील यांनी या पायऱ्या चढून ‘प्रो’ परवाना मिळवला.

प्रशिक्षकाच्या आठवड्याकडे पाहिले म्हणजे या कामाचे स्वरूप ध्यानात येते. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी खेळाडूंना हलका व्यायाम दिला जातो. कारण थकलेल्या स्नायूंवर ताण पडल्यास दुखापत होते. त्यानंतर पुढील प्रतिस्पर्ध्याचे सामने पाहून त्याची बलस्थाने आणि उणिवा नोंदवल्या जातात. सरावात त्या नोंदींनुसार संघाची रचना बसवली जाते. कोपऱ्यावरून मारायची किक, फ्री किक यांसारख्या ठरीव प्रसंगांची स्वतंत्र तालीम होते. कारण अटीतटीच्या सामन्यात बऱ्याचदा एवढ्यावरच निकाल लागतो. सर्वांत अवघड काम शेवटी येते. पंचवीस खेळाडूंमधून अकरा निवडायचे आणि उरलेल्यांचा हिरमोड होऊ द्यायचा नाही.

पाठगत प्रश्न २
(अ) खेळाडूच्या आणि प्रशिक्षकाच्या दृष्टीत कोणता फरक असतो?
(आ) ठरीव प्रसंगांची स्वतंत्र तालीम का करावी लागते?

४. तुटपुंज्या साधनांचे गणित

मुंबई एफसी हा श्रीमंत क्लब नव्हता. कोलकाता आणि गोवा येथील क्लबांप्रमाणे त्याच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा चाहतावर्ग नव्हता. कुपरेज मैदानाचे नूतनीकरण चालू असताना काही काळ तर संघाला आपले घरचे सामने पुण्यात बालेवाडी येथे खेळावे लागले. नावाजलेले परदेशी खेळाडू घेणे परवडत नसे. जे खेळाडू मोठ्या क्लबांनी नाकारले किंवा ज्यांच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही, त्यांच्यावरच भिस्त ठेवावी लागे.

या परिस्थितीतून जमील यांची पद्धत घडली. ज्या संघाकडे प्रतिस्पर्ध्याइतके कुशल खेळाडू नसतात, त्याने चेंडू सतत आपल्याकडे ठेवण्याचा हट्ट धरला, तर तो उघडा पडतो. म्हणून त्यांनी बचावाला प्रथम स्थान दिले. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असताना सर्व खेळाडूंनी एकमेकांच्या जवळ राहून मोकळ्या जागा बुजवायच्या आणि चेंडू हाती लागताच थोड्या, सरळ पासांनी वेगाने पुढे मुसंडी मारायची, असे हे सूत्र होते. त्यात देखणेपणा कमी आणि कष्ट अधिक होते. या खेळावर ‘बचावात्मक’ अशी टीका झाली आणि पुढेही होत राहिली. टीकाकारांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. परंतु अशा खेळामुळेच मुंबई एफसी हा छोटा क्लब सात हंगाम देशाच्या अव्वल स्पर्धेत टिकून राहिला.

साखळी स्पर्धेत तळाला जाणाऱ्या संघाला खालच्या श्रेणीत जावे लागते. त्यामुळे पुरस्कर्ते दुरावतात, खेळाडू सोडून जातात आणि कित्येक क्लब पुन्हा वर येत नाहीत. म्हणूनच तळाच्या संघाने गाठलेले सातवे-आठवे स्थान वर्तमानपत्रात एका ओळीत उरकले जात असले, तरी त्या क्लबमधील प्रत्येकाच्या दृष्टीने ते उपजीविकेचे रक्षण असते. २०१६ मध्ये क्लबने नवा प्रशिक्षक नेमण्याचे ठरवले आणि जमील यांना मुंबई सोडावी लागली.

५. ऐझॉलचा हंगाम

ईशान्य भारतातील मिझोरम हे डोंगराळ राज्य आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख, म्हणजे महाराष्ट्रातील एखाद्या मोठ्या शहराएवढी होती. परंतु फुटबॉल हा तेथील घराघरांतील खेळ आहे. २०१४ मध्ये मिझोरमने राज्यांच्या संघांसाठी असलेली संतोष करंडक स्पर्धा जिंकली होती. राजधानीतील ऐझॉल एफसी हा क्लब २०१५-१६ च्या हंगामात आय-लीगमध्ये पोहोचला. पण नऊ संघांमध्ये आठवा येऊन त्याच वर्षी खालच्या श्रेणीत ढकलला गेला. त्यानंतर गोव्याच्या काही क्लबांनी स्पर्धेतून माघार घेतली. संघांची संख्या अपुरी पडू लागली, म्हणून ऐझॉलला पुन्हा प्रवेश देण्यात आला. अशा, जवळजवळ नशिबाने तगलेल्या क्लबने खालिद जमील यांना प्रशिक्षक म्हणून बोलावले.

जमील यांनी संघाची बांधणी विचारपूर्वक केली. क्लबकडे वेगवान आणि चपळ मिझो तरुण होते. त्यांना अनुभवाची जोड हवी होती. मुंबईत आपल्या हाताखाली खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता यांना त्यांनी ऐझॉलला नेले. गोव्याचा आल्बिनो गोम्स गोलरक्षक म्हणून आला. मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल-अमना होता. भाषा, धर्म, आहार आणि हवामान सर्वच बाबतींत भिन्न असलेल्या या खेळाडूंना एका सूत्रात गुंफायचे होते. खुद्द प्रशिक्षकाला मिझो भाषा येत नव्हती. मैदानावरील रचना आणि रोजची शिस्त हीच मग सर्वांची समान भाषा झाली.

जानेवारी २०१७ मध्ये हंगाम सुरू झाला. पहिल्याच सामन्यात ऐझॉलने ईस्ट बंगालला त्यांच्या प्रांतात १-१ असे बरोबरीत रोखले. त्यानंतर संघ गुण जमवत गेला. एप्रिलमध्ये स्पर्धा अंतिम टप्प्यावर आली, तेव्हा विजेतेपदासाठी मोहन बागान आणि ऐझॉल हे दोनच संघ उरले होते. २२ एप्रिल रोजी ऐझॉल येथे या दोघांची गाठ पडली. आदल्याच दिवशी जमील यांना चाळीस वर्षे पूर्ण झाली होती. सामना गोलशून्य बरोबरीकडे झुकत असताना ८३ व्या मिनिटाला बचावपटू झोमिंगलियाना राल्ते याने कोपऱ्यावरून आलेला चेंडू डोक्याने जाळ्यात धाडला. ऐझॉल १-० ने जिंकले. आठवडाभराच्या सरावात ठरीव प्रसंगांना वेळ का द्यायचा, याचे उत्तर या एका क्षणात मिळाले.

३० एप्रिल रोजी शिलाँग येथे शिलाँग लाजाँगविरुद्ध अखेरचा सामना होता. ऐझॉलला बरोबरी पुरेशी होती. परंतु त्याच वेळी मोहन बागान आपल्या सामन्यात जिंकल्यास पराभव महागात पडणार होता. नवव्या मिनिटालाच लाजाँगने गोल केला. एवढा वेळ जपलेले स्वप्न हातून निसटते की काय, असे वाटू लागले. तासाभराहून अधिक खेळ होऊन गेला. अखेर ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेला याने बरोबरी साधली. तिकडे मोहन बागान जिंकले. पण ऐझॉलचे ३७ गुण झाले आणि मोहन बागान ३६ गुणांवर राहिले. वर्षभरापूर्वी खालच्या श्रेणीत ढकलला गेलेला संघ देशाचा विजेता ठरला होता. देशातील अव्वल साखळी स्पर्धा जिंकणारा तो ईशान्य भारतातील पहिला क्लब होय.

त्याच हंगामात मुंबई एफसी दहा संघांत दहावा आला आणि लवकरच तो क्लब बंद पडला. यावरून एकट्या प्रशिक्षकामुळेच संघ तरतो किंवा बुडतो, असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. पैसा, व्यवस्थापन आणि खेळाडू या सर्वांचा त्यात वाटा असतो. तथापि सात वर्षे टिकून राहणे हे किती मोठे काम होते, हे त्या घसरणीनंतर अनेकांच्या लक्षात आले.

पाठगत प्रश्न ३
(अ) ऐझॉल एफसीला पुन्हा आय-लीगमध्ये प्रवेश कसा मिळाला?
(आ) ऐझॉलच्या संघात कोणकोणत्या प्रदेशांतील खेळाडू होते?

६. यशानंतरची वाट

एका मोठ्या यशानंतर पुढचा मार्ग सुकर होतो, असे मानले जाते. जमील यांच्या बाबतीत तसे घडले नाही. २०१७ मध्ये ते कोलकात्याच्या ईस्ट बंगालचे प्रशिक्षक झाले. या क्लबच्या लक्षावधी चाहत्यांना विजेतेपदाखेरीज काहीच मान्य नव्हते. संघ आय-लीगमध्ये चौथा आला. त्यानंतरच्या सुपर करंडक स्पर्धेत तो अंतिम फेरीपर्यंत गेला. पण तेथे बेंगळुरू एफसीकडून पराभूत झाला. २०१९ मध्ये त्यांनी काही महिने मोहन बागानची सूत्रे सांभाळली. दोन्ही ठिकाणचा मुक्काम अल्पकाळच टिकला. छोट्या संघाला उंचावणे आणि मोठ्या संघाच्या अपेक्षा पेलणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे या अनुभवातून दिसून आले.

दरम्यान भारतीय फुटबॉलचे चित्र पालटले होते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीग या स्पर्धेत क्लबांचा ओढा परदेशी प्रशिक्षकांकडे होता. भारतीय प्रशिक्षकाला बहुधा साहाय्यकाची जागा मिळे. जमीलही नॉर्थईस्ट युनायटेड या संघात साहाय्यक होते. जानेवारी २०२१ मध्ये हंगामाच्या मध्यावर मुख्य प्रशिक्षक पायउतार झाले आणि संघाची तात्पुरती जबाबदारी जमील यांच्याकडे आली. तोवर संघाला अकरा सामन्यांत १२ गुण मिळाले होते. उरलेल्या नऊ साखळी सामन्यांत संघाने एकही पराभव पत्करला नाही. सहा सामने जिंकले आणि तीन बरोबरीत सोडवले. ३३ गुणांसह संघ उपांत्य फेरीत पोहोचला. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये क्लबने त्यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून कायम केले. या स्पर्धेत असा मान मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. मात्र पुढच्याच हंगामात संघ अकरा संघांमध्ये दहावा आला.

अशा वेळी अनेक जण मानाची जागा मिळेपर्यंत वाट पाहत बसतात. जमील यांनी २०२३ मध्ये बेंगळुरू गाठले आणि राष्ट्रीय स्पर्धांच्या खालच्या श्रेणीत खेळणाऱ्या एफसी बेंगळुरू युनायटेड या क्लबचे प्रशिक्षकपद पत्करले. ज्या शहरातील कारखान्याच्या संघाने फेडरेशन करंडक जिंकला, त्याच शहरात देशाचा विजेता संघ घडवलेला हा प्रशिक्षक पुन्हा खालच्या पायरीवरून काम करू लागला.

त्याच वर्षाच्या अखेरीस जमशेदपूर एफसीने त्यांना बोलावले. २०२४-२५ च्या हंगामात जमशेदपूर पाचव्या स्थानावर राहिले आणि बाद फेरीत उपांत्य सामन्यापर्यंत पोहोचले. पाठोपाठ सुपर करंडकाच्या अंतिम सामन्यात त्यांना गोव्याकडून हार पत्करावी लागली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०२३-२४ आणि २०२४-२५ अशा लागोपाठ दोन वर्षी जमील यांना सर्वोत्कृष्ट प्रशिक्षक म्हणून गौरवले.

७. राष्ट्रीय संघाची धुरा

भारताच्या राष्ट्रीय संघाला भारतीय प्रशिक्षकांनीच एके काळी मोठे यश मिळवून दिले होते. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे व्यवसायाने शिक्षक होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक जिंकले, तर १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. पुढे परदेशी प्रशिक्षक नेमण्याकडे कल वाढला. गोव्याचे आर्मांदो कोलासो आणि सावियो मदेरा यांनी २०११-१२ च्या सुमारास ही जबाबदारी सांभाळली. त्यानंतर सुमारे तेरा वर्षे राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षकपद परदेशी व्यक्तींकडेच राहिले.

१ ऑगस्ट २०२५ रोजी खालिद जमील यांची या पदावर नेमणूक झाली. मध्य आशियाई फुटबॉल संघटनेच्या स्पर्धेत भारताने सुरुवातीलाच ताजिकिस्तानवर २-१ असा विजय मिळवला. इराणकडून पराभव झाला. परंतु तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बलवान ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून भारताने तिसरे स्थान पटकावले. हा आनंद फार काळ टिकला नाही. ऑक्टोबरमध्ये मडगाव येथील फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारताला २-१ असे हरवले आणि २०२७ च्या आशियाई करंडकासाठी पात्र ठरण्याची संधी हुकली. नोव्हेंबरमध्ये ढाका येथे बांगलादेशाविरुद्धही पराभव झाला. या अपयशाची मुळे प्रशिक्षक बदलण्याच्या आधीच्या सामन्यांतही होती. तरीही निकालाचे उत्तरदायित्व प्रशिक्षकालाच घ्यावे लागते. खेळाडूला वाईट दिवस आला तर त्याच्या जागी दुसरा खेळाडू येतो. प्रशिक्षकाला मात्र पुढच्या सकाळी त्याच संघासमोर उभे राहावे लागते.

समारोप

खालिद जमील यांची वाटचाल ही केवळ विजयांची मालिका नाही. विजेतेपदाइतकेच पराभव, बदल्या आणि टीका त्यांच्या वाट्याला आली. परंतु तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. खेळणे आणि शिकवणे या दोन भिन्न विद्या आहेत. पहिली संपली म्हणून दुसरी आपोआप येत नाही. ती पहिल्या पायरीपासून शिकावी लागते. दुखापतींमुळे ज्याला फार काळ खेळता आले नाही, त्या खेळाडूने बाहेर बसून खेळ पाहिला, त्याचा अभ्यास केला आणि ज्यांच्याकडे इतरांचे लक्ष गेले नव्हते अशा खेळाडूंचे बळ ओळखले.

दूरवाणीनगरच्या कामगार खेळाडूंना मैदानानंतर नोकरीचा आधार होता. तो काळ मागे पडला. त्यानंतरच्या पिढीला आपला आधार शिक्षणातून उभा करावा लागला. हातातले काम सुटल्यावर पुन्हा विद्यार्थी होण्याची तयारी ठेवणे, हे केवळ खेळाडूंनाच नव्हे, तर कोणत्याही वयात शिक्षणाकडे वळणाऱ्या प्रत्येकाला लागू पडते.

शब्दार्थ

उपजीविका – पोट भरण्याचे साधन
निवृत्तिवेतन – नोकरी संपल्यावर दरमहा मिळणारी रक्कम
भिस्त – भरवसा
मुसंडी मारणे – वेगाने आत घुसणे
पुरस्कर्ता – संघाला आर्थिक साहाय्य करणारी संस्था किंवा व्यक्ती
हिरमोड होणे – निराशा होणे
पायउतार होणे – पद सोडणे
धुरा – जबाबदारी
उत्तरदायित्व – जबाबदारीचा स्वीकार

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) मधल्या फळीतील खेळाडूला अधिक धावपळ का करावी लागते?
(आ) देशासाठी खेळलेल्या माणसालाही पुन्हा बाकावर का बसावे लागते?
(इ) खालच्या श्रेणीत गेल्यामुळे क्लबचे कोणते नुकसान होते?

२. ‘तुटपुंज्या साधनांतून जमील यांची पद्धत घडली,’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

३. शिलाँग येथील अखेरच्या सामन्याचे वर्णन आपल्या शब्दांत करा.

४. तुमच्या परिसरात एक काम थांबल्यावर दुसरे काम नव्याने शिकलेली एखादी व्यक्ती असल्यास, तिच्याशी बोलून पंधरा ओळींत माहिती लिहा.